सुनेकडे वळून हसा

बोलतेय ती मी, काच. पुढारी भाषण करत असताना त्याच्या दोन्ही हातांना बारीक दांड्यांवर दोन चौकोनी काचा तिरक्या उभ्या असतात ना, त्यातली डावी मी. खाली जमिनीवर एक पडदा आडवा पडलेला असतो. त्यावरची उलटी अक्षरं माझ्यात सुलट होतात आणि पुढाऱ्याला दिसतात. समोर बसलेल्यांना यातलं काही दिसत नाही. त्यांना वाटतं, माणूस मनातलं बोलतोय.

उजवी माझी जाऊ. सगळं आयुष्य एका संसारात गेलं, पण एकमेकींशी बोलायची वेळ आली नाही. पुढारी घटकेत हिच्याकडे बघतो, घटकेत माझ्याकडे, आणि आम्ही दोघी त्याला एकच सांगत असतो.

माझा जन्म काही मोठा नाही. कारखान्यात एका अंगाला पातळ मुलामा चढला आणि मी काच असूनही थोडी आरशासारखी झाले. सुरुवातीला भाड्याने जायचे. बियाणं विकणाऱ्यांच्या वार्षिक सभा केल्या, एका पाद्रीबुवांचं ईस्टरचं प्रवचन केलं, एका नवऱ्या मुलीच्या बापाचं भाषण केलं. त्याला मध्येच रडू आलं आणि पुढचं त्याने वाचलंच नाही. तेवढं एक भाषण मला आवडलं होतं. माझ्यासमोर आलेला प्रत्येक माणूस आधी केस नीट करतो, मग शब्द बघतो. पाद्रीबुवांनी दातही तपासले होते.

मग वेंडेल ऑस्टरगार्डच्या माणसांनी आम्हा दोघींना विकत घेतलं. तेव्हा तो नुकताच राजकारणात आला होता. रोज समोर उभा राहणाऱ्याला अहो-जाहो किती करणार, म्हणून मी त्याला अरे-तुरेच करते.

माझ्यातला मजकूर सरकवायला आर्डिथ नावाची बाई असते. मंचामागच्या कापडी पडद्याआड बसून ती एक चाक फिरवते. वेंडेल घाईत बोलला की ती घाई करते, तो थांबला की थांबते. ती त्याच्या पुढे कधी जात नाही. मजकुरात कंसात सूचनाही असतात. पाणी प्या. उजवीकडे बघा. टाळ्यांसाठी थांबा. एकदा वेंडेलने "टाळ्यांसाठी थांबा" हेही मोठ्याने वाचलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शब्द माझ्या तळातून वर येतात आणि माथ्यावरून निघून जातात. माझ्यात काही उरत नाही. तरी काही वाक्यं लक्षात राहिली, कारण त्यांच्या जागी नंतर दुसरी आली.

वेंडेल शहरातून उभा होता तेव्हा गर्भपाताबद्दल माझ्यात यायचं, "हा बाईचा आणि तिच्या डॉक्टरचा प्रश्न आहे." मग तो शेतांच्या भागातून उभा राहिला आणि वाक्य आलं, "प्रत्येक जीव पवित्र आहे." त्यानंतर बरीच वर्षं टिकलेलं वाक्य वेगळंच होतं. "वॉशिंग्टनने आम्हाला शिकवू नये. हे राज्यांनी ठरवावं." या वाक्याला लोक उभे राहायचे. कुणाच्याही बाजूने न बोलता लोकांना उभं करणारं वाक्य पुढाऱ्याला सहसा मिळत नाही.

आणि एक दिवस देशाच्या सर्वोच्च कोर्टाने खरंच ते राज्यांवर सोडलं. वेंडेल तेव्हा आमच्या राज्याच्या विधिमंडळात होता. गर्भपातावर बंदी घालणारा कडक कायदा झाला आणि त्यातली सूट त्याने स्वतः लिहिली. आईचा जीव धोक्यात असेल तरच. नदीपलीकडच्या राज्यातल्या लोकांनी मत देऊन उलट ठरवलं. तिथे परवानगी राहिली. वेंडेल म्हणत होता तसंच झालं. राज्यांनी ठरवलं.

पण आता तो वॉशिंग्टनच्या सिनेटसाठी उभा होता. त्याचा प्रचार सांभाळणारा ड्वाइट केसलर एकदा तालमीत म्हणाला, "सर, देणगी देणारे विचारतायत, नदीपलीकडे चाललंय त्याचं काय?"

"ते त्यांचं राज्य आहे, ड्वाइट."

"तुम्ही आता राज्यासाठी कुठे उभे आहात?"

वेंडेल हसला. नवं वाक्य तयार झालं. "मी संपूर्ण देशासाठी एकच कायदा मागणार आहे." ते पक्षाच्या वार्षिक जेवणात पहिल्यांदा म्हणायचं ठरलं.

तोवर आणखी एक वाक्य माझ्यात येऊन बसलं होतं. वेंडेलच्या मुलाचं, कर्टचं, लग्न नुकतंच झालेलं. सून जोलीन शाळेत गाणं शिकवायची. गाण्याच्या वर्गाबाहेर मात्र तिचा आवाज फारसा ऐकू येत नसे. तिला दिवस गेल्याचं वेंडेलने जत्रेतल्या सभेतच सांगून टाकलं. "माझी सून जोलीन या वसंतात मला आजोबा करणार आहे." पुढे कंसात, "सुनेकडे वळून हसा." भाषण चालू असताना घरच्यांनी मागे रांगेत उभं राहायचं, ही इथली रीतच आहे. तो वळायचा, ती लाल व्हायची, लोक खूश व्हायचे. मग ते वाक्य प्रत्येक भाषणात आलं.

जेवणाच्या दिवशी दुपारी हॉलमध्ये टेबलं मांडून झाली होती. वेंडेल एकटा माझ्यासमोर उभा राहून पुटपुटत होता. जोलीन आली. कोट अंगातच होता.

"डॅड, उद्या सकाळी आम्ही नदीपलीकडे जातोय."

वेंडेलने आधी दाराकडे बघितलं, मग माईककडे. माईक बंद होता.

"हे मला सांगू नकोस, पोरी. मला माहीत नसलेलं बरं."

"तुम्हाला माहीत आहे. डॉक्टरांचा फोन आला तेव्हा तुम्ही आमच्याच स्वयंपाकघरात बसला होता."

त्यांच्या बोलण्यातून मला कळलं ते असं. बाळाची मूत्रपिंडं तयारच झाली नव्हती. फुप्फुसं वाढणार नव्हती. जन्मलं तरी ते श्वास घेऊ शकणार नव्हतं.

"इथलं हॉस्पिटल काय म्हणतं?" वेंडेलने हळूच विचारलं.

"वकिलांना विचारून सांगतो म्हणतं. वकील म्हणतात, आईच्या जिवाला धोका दिसला की करता येईल. मी विचारलं, किती धोका पुरतो? ताप चालेल, की रक्त जायला लागेल? तर त्यांनी मला कायदा वाचून दाखवला. तुमचंच वाक्य, डॅड."

"ते अशा गोष्टीसाठी नव्हतं गं."

"मग तसं लिहायचं होतं."

त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्यातली अक्षरं त्याच्या चष्म्यावर थांबलेली होती.

"मी भांडायला आले नाही," ती म्हणाली. "एकच मागते. आज ते नवं वाक्य वाचू नका. देशभर एकच कायदा आला तर पलीकडचं दारही बंद."

"तो काय उद्या होतोय? तुझं सगळं तोवर होऊन जाईल."

"माझं होऊन जाईल. नंतर दुसरी कुणी त्याच डॉक्टरसमोर बसेल. तिने कुठला पूल शोधायचा?"

"बघतो," वेंडेल म्हणाला. त्याचं "बघतो" मी पुष्कळ ऐकलंय. ते बोलताना तो कुठेच बघत नसतो.

"आणि आज मी मागे उभी राहणार नाही."

एवढ्यात वेंडेलची बायको मार्लिस आत आली. हातात बटाटा-चीजचं भलं मोठं भांडं. ते टेबलावर ठेवून ती सुनेजवळ गेली.

"उभी राहा गं आजच्यापुरती. तू दिसली नाहीस तर उद्या दारात कॅमेरे असतील आणि आपली गाडी निघणार नाही. कर्टचा हात धर. डोळे उघडे ठेवायचे आणि भलतीकडेच कुठेतरी बघायचं. मी इतकी वर्षं तेच करतेय."

जोलीनने मान हलवली. पण ही गोष्ट घराबाहेर जाऊ द्यायची नाही असं ठरलं होतं, म्हणून ड्वाइटला कुणी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने आजोबा होण्याची ती ओळ काढली असती. या धंद्यात नवं भाषण कुणी लिहीत नाही. मागच्याचा मधला भाग, त्याच्या मागच्याचा शेवट, असं शिवून काढतात. काय उसवायचं ते ज्यांना माहीत होतं, त्यांनी मजकूर पाहिला नाही. आणि वेंडेलची दुपारची तालीम जोलीन आल्यावर अर्धी राहिली ती राहिलीच.

संध्याकाळी हॉल भरला. हॅम, बटाटे, भोपळ्याच्या पाईचा वास. मागच्या रांगेत मार्लिस, कर्ट, जोलीन. वेंडेलने शेतीवर सांगितलं, रस्त्यांवर सांगितलं, एक जुना विनोद केला. लोक हसले. माझ्या तळातून वाक्य वर येताना मला दिसलं. काचेला बाजूला सरकता येत नाही.

"माझी सून जोलीन," तो वाचायला लागला. त्याच्या आवाजात काही बदललं नाही. तो वाचत असताना ऐकत नाही. "या वसंतात मला आजोबा करणार आहे."

पुढे कंस होता. तो वळला आणि हसला. वळल्यावर त्याला तिचा चेहरा दिसला, तेव्हा कुठे ते हसू थांबलं.

लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. पहिल्या टेबलावरच्या एका आजीबाईंनी तोंडापुढे हात धरून ओरडून विचारलं, "नाव काय ठेवताय गं?"

जोलीन पुढे आली. वर्गात मुलांना सूर देताना उभी राहत असेल तशी माईकजवळ उभी राहिली.

"सायलस," ती म्हणाली. सगळा हॉल "अरे वा" म्हणाला. "पण तो जगणार नाही. उद्या मी पूल ओलांडून पलीकडे जातेय, कारण इथल्या डॉक्टरांना मला हात लावायची भीती वाटते."

काटे-चमचे थांबले. त्या आजीबाई हळूच खाली बसल्या.

वेंडेल माझ्याकडे वळला. वळणारच, दुसरीकडे कुठे वळणार? माझ्यात पुढचं वाक्य उभं होतं. "म्हणून मी संपूर्ण देशासाठी एकच कायदा मागणार आहे." आर्डिथचा हात चाकावरच होता. तो बोलेपर्यंत ती सरकवणार नव्हती. वेंडेलने उजवीकडे माझ्या जावेत बघितलं, तिथेही तेच. कडेला उभा असलेला ड्वाइट बोट गोल फिरवत होता. पुढे चला, पुढे चला.

वेंडेलने माईक जवळ ओढला. त्याने तोंड उघडलं.

"हे," तो म्हणाला, "हे राज्यांनी ठरवावं."

जुनं वाक्य. माझ्यात ते नव्हतं, त्याच्याच आत कुठेतरी पडलेलं होतं. सवयीने एकाने टाळी वाजवली आणि मग हात मांडीवर ठेवले.

"राज्याने ठरवलंय, डॅड," जोलीन म्हणाली.

ती मंचावरून उतरली आणि टेबलांमधून दाराकडे गेली. कर्ट तिच्यामागे. मार्लिसने पर्स उचलली, वेंडेलकडे न बघता तीही गेली. जोलीनने मागितलं होतं ते तिला मिळालं होतं. त्याने ते वाक्य वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एका पेपरने छापलं, ऑस्टरगार्ड यांनी भूमिका बदलली. दुसऱ्याने छापलं, ऑस्टरगार्ड भूमिकेवर ठाम. ड्वाइट दोन्ही घेऊन आला होता.

हे सगळं सांगतेय ते आज, मतदानाआधीच्या शेवटच्या सभेच्या जरा आधी. हॉल रिकामा आहे. नवा मजकूर माझ्यात आलाय. "आमच्या कुटुंबानेही हे दुःख सोसलं आहे. माझी सून जोलीन." कंसात, "थांबा. खाली बघा." त्यानंतर पुन्हा देशासाठी एकच कायदा, फक्त आता तिच्यासारख्यांना सूट.

"लोक हळहळलेत, सर," ड्वाइट म्हणतोय. "दोन्हीकडचे आपल्याकडे येतील."

मार्लिस पहिल्या रांगेत बसलीय. त्या रात्रीनंतर ती आजच इथे आली.

"पलीकडच्या नर्सने जोलीनला विचारलं, बरोबर कोण आलंय?" ती एकदम बोलायला लागली. "तिने माझ्याकडे बोट केलं. मी आडनाव सांगितलं तशी नर्सने मान वर केली. मला वाटलं, आता ऐकवेल चार शब्द. तिने काही न बोलता जोलीनला आणखी एक पांघरूण आणून दिलं."

"कशी आहे ती?" वेंडेलने विचारलं.

"फोन आहे ना तुझ्याकडे? माझ्यामार्फत नको. आणि ही ओळ वाचलीस तर मागे मीही नसेन, वेंडेल."

वेंडेलने माझ्यातली ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाला, "आर्डिथ, ही काढ."

"मग तिथे काय घालू?" ड्वाइटने विचारलं. "राज्यांनी की देशाने? काहीतरी तर हवं."

"तेही काढ. दोन्ही काढ."

"सर, दारं उघडायची वेळ झालीय."

आर्डिथने काढलं. त्या ओळींच्या जागी आता माझ्यात मोकळी जागा आहे. तिच्यातून त्याला मार्लिस दिसतेय. ती भलतीकडे कुठे बघत नाहीये, त्याच्याचकडे बघतेय.

दारं उघडली. माणसं खुर्च्या ओढतायत, एकमेकांना हाका मारतायत. कोपऱ्यात कुणीतरी विचारतंय, सून नाही आली का?

मला लिहिता येत नाही. येत असतं तरी आज मी काही लिहिलं नसतं. वेंडेल, ती जागा येईल तेव्हा आर्डिथ चाक थांबवेल. तू बोलेपर्यंत ती हलणार नाही आणि मीही नाही. बोल बाबा. चुकलास तरी या खेपेला ते चुकणं तुझं स्वतःचं असेल.