कुलूपबंद फोन

फोनला कुलूप का असतं, हे आर्डिसने पहिल्यांदा ऐकलं ते आपल्या नवऱ्याच्याच तोंडून. ड्वेन लाहटी आयर्नवूडमध्ये एका मोबाइल कंपनीचं दुकान सांभाळायचा. ती त्याचं जेवण द्यायला गेली, तेव्हा एक म्हातारा ट्रकवाला काउंटरपाशी तणतणत उभा होता.

"फोन माझा, मग दुसऱ्या कंपनीचं कार्ड का चालत नाही?"

"काका, पूर्ण किंमत कुठे दिलीत तुम्ही?" ड्वेन हसून म्हणाला. "निम्मी आम्ही सोसली. ती दोन वर्षांच्या बिलांतून हळूहळू वसूल करतो. कुलूप नसतं तर तुम्ही स्वस्तात फोन उचलून दुसऱ्याच दिवशी पसार झाला असता."

"आणि दोन वर्षांनंतर?"

"मागितलंत तर उघडून देऊ. पण लोक मागत नाहीत. तोवर आम्ही नवा फोन दाखवलेला असतो."

म्हातारासुद्धा हसला. ड्वेनवर कुणाला फार वेळ चिडता यायचं नाही. घरीही त्याचा आवाज कधी चढत नसे. संध्याकाळी जेवताना तो सहज विचारायचा, "आज पोस्टात बराच वेळ लागला, आर्डी?" पोस्टात गेल्याचं तिने सांगितलेलंच नसायचं. दोघांचे फोन एकाच खात्यावर होते आणि खातं त्याच्या नावावर होतं. कुठला फोन कुठे आहे, त्यावर कुठल्या नंबरवरून कॉल आला, हे त्याला दुकानात बसून दिसायचं. हे तिच्या लक्षात आलं, त्या दिवसापासून ती चर्चच्या कॉफीलासुद्धा बसेनाशी झाली. त्याने तिला कधी बोटही लावलं नव्हतं. त्यामुळे कुणाला काय सांगायचं, हेच तिला कळत नव्हतं.

शेवटी तिने वॉशबर्नला बहिणीकडे, मार्लिसकडे, जायचं ठरवलं. तिने तिथल्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिच्यासाठी शब्द टाकला होता. ड्वेन दुकानात गेल्यावर आर्डिस निघाली. फोन बंद करून त्यातलं कार्ड तिने काढून ठेवलं. वाटेत ॲशलंडला मोबाइलचं एक छोटं दुकान दिसलं. नवा नंबर घेतला की सुटले, असं तिला वाटलं.

दुकानदारीण टिली सोबचॅकने नवं कार्ड घालून पाहिलं. पडद्यावर कुलूप उघडण्याचा आकडा मागितला गेला.

"कंपनीला विचार, पोरी. मुदत संपली असेल तर देतात. हा घे, माझ्या फोनवरून कर."

मुदत वसंतातच संपली होती, हे आर्डिसला पक्कं ठाऊक होतं. पलीकडची मुलगी गोड बोलत होती. "मॅडम, करार एप्रिलमध्ये पुन्हा दोन वर्षांसाठी वाढवलाय. खातेदारांनी."

"मला कुणी विचारलं नाही."

"खातेदारांची संमती पुरते. तुमची विनंती मी त्यांना कळवलीय."

"नको. नोंद काढून टाका. कृपा करून."

"मेसेज गेलासुद्धा, मॅडम. तुम्ही बोलताय तो नंबरही त्यात असतो."

आर्डिसने फोन ठेवला. पर्स गोळा करेपर्यंत तोच फोन वाजला आणि टिलीने उचलला. "हो, हो, इथेच आहे की. देऊ?" मग तिने आर्डिसचा चेहरा पाहिला आणि पुढे केलेला रिसीव्हर परत कानाला लावला. पलीकडून काहीतरी बोलणं झालं. टिलीने रिसीव्हर खाली ठेवला.

"तुझा नवरा. फार सभ्य वाटला. म्हणाला, रस्त्यावर बर्फ आहे, तिला थांबायला सांगा, मी येतोच." ती कचरली. "मी चुकले का गं?"

 आपला फोन काउंटरवर तसाच टाकून आर्डिस गाडीत बसली. वॉशबर्नचा रस्ता त्याला माहीत होता. तिने गाडी सरळ पश्चिमेला, डुलुथकडे घेतली.

डुलुथला तिला सरोवराकाठच्या एका हॉटेलात भांडी घासायचं काम मिळालं. फोन तिने घेतलाच नाही. बरेच दिवस गेले. मार्लिस काळजीत असेल म्हणून एका दुपारी तिने हॉटेलच्या फोनवरून तिला फोन लावला.

"अगं, आहेस कुठे तू?" मार्लिस रडायला लागली. मग सावरून म्हणाली, "ड्वेन आला होता. बिचारा किती खंगलाय. आल्या आल्या कॉफी प्याला, मागच्या दाराची कडी नीट करून दिली. तुमचं भांडण तरी काय झालं?"

"त्याने काही विचारलं?"

"काहीच नाही. उलट माझा फोन पाण्यात पडला होता ना, तर नवा देऊन गेला, फुकट. नंबर जुनाच ठेवलाय. म्हणाला, माझ्याच खात्यावर राहा, ताई, तुम्हाला स्वस्त पडेल. सही काय ती दोन वर्षांची."

स्वयंपाकघरात कुणीतरी ताटांची चळत खाली ठेवली. 

"मार्लिस, आत्ता तू त्याच फोनवरून बोलतेयस?"

"मग दुसरा कुठला? आवाज छान येतोय, नाही?"

आर्डिसने फोन ठेवला. हॉटेलचा नंबर आता ड्वेनला दिसणार होता. तिने ॲप्रन सोडून खुंटीला लावला, मुकादमबाईला बरं वाटत नाही म्हणून सांगितलं आणि खोलीवर जाऊन बॅग भरली. तिची गाडीही तो ओळखत होता, म्हणून ती हॉटेलमागेच राहू दिली. बसस्थानकावर फार्गोकडे जाणारी बस लागलेली होती. आर्डिस मागच्या सीटवर बसली. बस सुटेपर्यंत वाहनतळावर येणारी प्रत्येक गाडी ती पाहत राहिली. मार्लिसला तिने त्यानंतर कधीच फोन केला नाही.