गेली म्हणून सांगितलं

राजकुंवरबाईंनी पदराला चष्मा पुसला आणि नोटरीसमोरच्या खुर्चीत त्या सावकाश टेकल्या. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे धरलेले, तरी जळगावच्या कोर्टापर्यंत त्या रिक्षातून स्वतः आल्या होत्या. शेजारी दीपमाला कागदांची पिशवी छातीशी धरून उभी होती. तिची आई मंदाबाई मागे, लिंबाच्या सावलीत.

“मुलगी तुमची कोण?” नोटरीनं विचारलं.

“आमच्या घरातलीच आहे.”

“तसं लिहिता येत नाही, माताजी. तुम्ही छाजेड, ही तायडे. नातं काय लिहू?”

राजकुंवरबाईंनी वळून मंदाबाईकडे पाहिलं. दीपमालाच्या जन्माआधीपासून मंदाबाई असोद्याहून त्यांच्याकडे धुण्याभांड्याला येत होती. राजकुंवरबाईंच्या सासूबाई होत्या तोवर तिला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायची मुभा नव्हती. सासूबाई गेल्या, आणि तेराव्यानंतर राजकुंवरबाईंनीच तिला हाताला धरून आत नेलं होतं.

“परिचित लिहा,” दीपमाला म्हणाली.

दीपमालाला आयर्लंडमधल्या एका विद्यापीठात अन्नशास्त्राच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता. सरकारी शिष्यवृत्तीत तिचं नाव प्रतीक्षा यादीतच राहिलं. फीपुरतं कर्ज बँकेनं मंजूर केलं. पण तिथं राहण्याखाण्याचा खर्च झेपेल इतके पैसे खात्यावर दाखवल्याशिवाय व्हिसा मिळणार नव्हता, आणि तिचे वडील समाधान दीपनगरच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला. त्यांच्या पासबुकात दाखवण्यासारखं काही नव्हतं.

हे सगळं मंदाबाईनं कपडे वाळत घालता घालता सांगितलं होतं. मागितलं काहीच नव्हतं. राजकुंवरबाईच म्हणाल्या होत्या, “द्यायचे नाहीत, नुसते दाखवायचे ना? माझी ठेव आहे बँकेत. ती दाखवू.”

नोटरीसमोर केलेलं राजकुंवरबाईंचं प्रायोजकपत्र जोडून कागद गेले. ऑगस्टच्या सुरुवातीला दूतावासाकडून विचारणा आली. ठेव अजून कायम आहे, असं बँकेचं ताजं पत्र हवं होतं. दुसऱ्या दिवशी मंदाबाई ते सांगायला वर जात होती, तेव्हा राजकुंवरबाईंच्या मुलानं, श्रेयांसनं, तिला जिन्यात थांबवलं.

“मंदाबाई, ती ठेव मोडली. दुकानाचा माल उचलायचा होता.”

ती एक पायरी खाली उतरली.

“आणि खरं सांगू का, अशात नाव गुंतवणं बरं नसतं. उद्या तिकडे काही झालं तर आमच्या दारात येतील. दीपमाला हुशार आहे, तिचं इथंही चांगलं होईल.” त्याचा आवाज मऊ होता. “आईला मात्र या पत्राचं काही बोलू नका. तिचं बीपी तुम्हाला माहीत आहे.”

“बरं, भाऊ,” मंदाबाई म्हणाली. वर जाऊन तिनं भांडी घासली. त्या दिवशी राजकुंवरबाई तिच्याशी काही बोलल्या नाहीत, डोळे मिटून पडून होत्या.

समाधाननं दोन-तीन ठिकाणी विचारून पाहिलं. कुणाच्या नावावर एवढी रक्कम नव्हती, आणि ज्यांच्या होती त्यांच्याशी तेवढी ओळख नव्हती. पत्राशिवायच उत्तर पाठवावं लागलं. नकार आला तेव्हा दीपमाला मेहरूणला एका मैत्रिणीकडे होती. तिनं मोबाईलवर तो दोनदा वाचला आणि बसनं घरी आली. अर्जदाराकडे पुरेशी आर्थिक साधनं असल्याची खात्री पटत नाही, प्रायोजकाशी असलेलं नातं स्पष्ट होत नाही. अपील करता आलं असतं. पण अपिलाला जोडायचं काय?

ती रडली नाही. जेवायला मात्र दोन दिवस उठली नाही.

राजकुंवरबाईंनी पुढच्या आठवड्यात विचारलं, “मंदा, दीपाचं काय झालं?”

मंदाबाईच्या हातात ओला पोछा होता. राजकुंवरबाई पलंगावर उठून बसल्या होत्या, चादरीचं टोक मुठीत धरून.

“गेली, अक्का,” मंदाबाई म्हणाली.

“गेली?”

“हो. घाईघाईत गेली. पाया पडायलाही यायला जमलं नाही.”

राजकुंवरबाईंची मूठ सुटली. त्यांनी भिंतीला डोकं टेकलं.

संध्याकाळी मंदाबाईनं घरी हे सांगितलं तेव्हा दीपमाला उठून तिच्यासमोर येऊन बसली.

“आई, मी इथं आहे. मी जळगावात फिरू कशी आता?”

“मले तिचं तोंड पाहवलं नाही, बेटा. म्हातारी झुरली असती.”

“आणि मी?”

मंदाबाईनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

ऑक्टोबरात दीपमालाला धुळ्याच्या एका डेअरीत दूध तपासायचं काम लागलं. पगार बेताचा होता. जळगावच्या बाहेर होतं, म्हणून तिनं ते घेतलं.

ती निघायच्या आदल्या दिवशी राजकुंवरबाईंनी कपाटातून एक लोकरी शाल काढली.

“तिकडं कुणी जाणारं असेल तर दीपासाठी पाठव. थंडी फार असते म्हणे.”

मंदाबाई शालीची घडी घालत होती. राजकुंवरबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, “श्रेयांसनं ठेव मोडायला सही मागितली, ती मी दिली, मंदा. दीपाचं अडणार, हे मला कळत होतं. पण म्हातारपणी राहायचं त्याच्याच घरात आहे ना.” त्या थांबल्या. “देवानं राखलं. काही अडलं नाही.”

“नाही, अक्का,” मंदाबाई म्हणाली. “काही अडलं नाही.”

तिनं घडी परत उलगडली आणि पुन्हा घातली.

दुसऱ्या दिवशी जळगाव स्टँडवर ऊन भाजून काढत होतं. दीपमालानं चेहऱ्याला ओढणी गुंडाळली होती, नुसते डोळे दिसत होते. खिडकीतून तिनं पिशवी आत घेतली. वर शाल होती.

“ही कुणाची?”

“अक्कानं दिली. तुले थंडी वाजंल म्हणून.”

दीपमालानं शालीवरून हात फिरवला. आता ती हसेल की रडेल, ते मंदाबाईला कळेना.

“त्यांना खरंच काही माहीत नाही ना गं, ठेवीचं?”

धुळ्याच्या गाडीचं इंजिन सुरू झालं. कंडक्टरनं दार ओढून घेतलं.

“नाही,” मंदाबाई म्हणाली. “तिले काय माहीत.”

“तेवढी एकच बाई होती, आई, जी आपल्यासाठी कोर्टात येऊन बसली.”

मंदाबाईनं खिडकीचा गज धरला होता. गाडी हलली तशी ती दोन पावलं सोबत चालली.

“हो,” ती म्हणाली, आणि गज सोडला.