आत्या बसल्या की बंद पडणारी गाडी

“बॉनेट उघडा! उघडा म्हणतो ना! जीव गुदमरतोय तिचा आत!”

गाडीबाबांनी हात वर केला आणि चढाच्या माथ्यावर जमलेली गर्दी एकदम गप्प झाली. ट्रकवाले, टेम्पोवाले, सहलीला निघालेली कुटुंबं, सगळे गोल करून उभे होते. मधोमध एक पांढरी गाडी चारही दारं उघडी टाकून उभी होती. बाबांच्या चेल्यानं बादलीतलं ओलं फडकं पिळलं आणि इंजिनाच्या बाजूला पसरलं. चर्रर्र असा आवाज झाला, वाफ उठली.

“बघा, बघा! आतली पीडा धूर होऊन चालली,” बाबा म्हणाले. “आता गाडीभोवती फेऱ्या घाला. पण सावकाश! घाई केलीत तर पुन्हा पहिल्यापासून. गाडीलाही मन असतं, बाबांनो. माणसानं धसमुसळेपणा केला की ती रुसते.”

पांढऱ्या गाडीचे मालक फेऱ्या घालू लागले. त्यांच्यामागे त्यांची बायको, कडेवर तीन वर्षांची चिमी. चिमीची आई रसायनशास्त्राची पदवीधर होती आणि आपण हे काय करतोय असा प्रश्न तिला दुसऱ्या फेरीला पडला होता. पण मघाचा प्रसंग अजून डोळ्यांसमोरून हलत नव्हता. माथ्याखालच्या ऐन वळणावर गाडी आचके देऊन मेली, समोरचे सगळे लाल दिवे एकदम पेटले, स्टिअरिंग दगडासारखं जड झालं आणि मागून भला मोठा ट्रक हॉर्न वाजवत अंगावर आला. ट्रकवाल्यानं कसाबसा ट्रक बाजूनं काढला म्हणून वाचले, मग लोकांनी गाडी माथ्यापर्यंत ढकलली. चिमी मागे झोपलेली होती. अशा वेळी पदवी कुठे जाते कोण जाणे.

अर्ध्या तासानं बाबांनी डोळे उघडले. “मार किल्ली!”

नवऱ्यानं किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी बाबांचे पाय धरले.

“आज मी सोडवली,” बाबा आवाज खाली आणून म्हणाले. “उद्याचं काय? रोग फांदीला नसतो, मुळाला असतो. आठवा बरं. कोण गाडीत बसलं की ही रुसते?”

ह्या प्रश्नात बाबांचं काहीच जात नव्हतं. उत्तर समोरच्यानंच द्यायचं होतं. आणि चिमीच्या आईनं ते दिलं. ती पहिल्यापासून बारीक नजरेची, कुठे काय बदललं ते चटकन टिपणारी. गेले काही आठवडे तिच्या मनात घोळत असलेलं वाक्य तोंडातून निसटलं.

“आत्या बसल्या असल्या की मगच बंद पडते.”

सगळ्या माना एकदम वळल्या. कठड्यापाशी नवऱ्याची आत्या उभी होती. पलीकडच्या शहरातल्या दवाखान्यातून डोळ्यात नेमानं घ्यायचं इंजेक्शन घेऊन ते सगळे परतत होते. आत्यांच्या एका डोळ्यावर पट्टी होती, दुसऱ्यानं आधीच अंधुक दिसायचं. लहानपणी आई गेलेल्या ह्या भाच्याला त्यांनीच वाढवलं होतं आणि आता चिमी त्यांच्याच मांडीवर मोठी होत होती.

बाबांनी त्यांच्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं, मग डोळे मिटून मान हलवली. “बाई वाईट नाहीत हो. पण सावली जड आहे. गाडीला पेलत नाही. लेकरू असतं ना गाडीत? मग मी काय सांगू, तुम्ही शहाणे आहात.”

आत्यांनी पिशवी खांद्याला लावली. “मी येते बसनं. तुम्ही व्हा पुढे,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा, दूध आणायला निघाल्यासारखा.

नवरा नुसता “अगं आत्या...” एवढंच म्हणाला. चिमीच्या आईनं तेही म्हटलं नाही. तिनं चिमीला सीटवर बसवलं आणि पट्टा लावला. उतारावरून गाडी अशी सुळकन घरी आली की विचारू नका.

त्यानंतर गाडी नीट चालू लागली. बालवाडीत जा, बाजारात जा, ऑफिसात जा, एकदाही बंद नाही. “बघितलंस?” नवरा म्हणायचा आणि मग दोघंही गप्प व्हायची, कारण आत्या शेजारच्याच खोलीत असायच्या. आत्या आता गाडीजवळून जाताना अंग चोरून जात. एकदा चिमी हट्टाला पेटली, “आजी, माझ्याशेजारी बस!” तर त्या दोन पावलं मागे सरकल्या. “नको गं बाई. तुझ्या गाडीला त्रास होतो माझा.”

चिमीनं विचारलं, “गाडीचं पोट दुखतं?”

“हो. तसंच काहीतरी.”

पुढच्या इंजेक्शनला आत्या एकट्या बसनं गेल्या. त्याच्या पुढच्याला गेल्याच नाहीत. “आता छान दिसतंय मला,” म्हणाल्या. चिमीच्या आईनं ते ऐकलं आणि सोयीचं होतं म्हणून खरंही मानलं.

मग एका रविवारी पलीकडच्या शहरात नवऱ्याच्या मित्राकडे जायचं ठरलं. आत्या घरीच. गाडीत तिघंच. चढ अर्धा संपला आणि गाडीनं आचका दिला. लाल दिवे. जड स्टिअरिंग. नवऱ्यानं कशीबशी ती कडेला घेतली. किल्ली फिरवली की इंजिन नुसतं घरघर करायचं, पेट घ्यायचं नाही.

“पण आत्या तर नाहीयेत,” चिमीची आई म्हणाली.

नवरा खाली वाकला आणि सीटखाली हात घालून चाचपडू लागला. मागची सीट, पुढचा कप्पा, दाराचे खिसे. शेवटी त्याच्या हाताला एक चुरगळलेला रुमाल लागला. आत्यांचा, डोळे पुसायचा.

“हे बघ! म्हटलं ना मी!” त्याचा चेहरा उजळला होता. “आधी फेकून देतो हा.”

ती त्या उजळलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिली. आत्या असल्या तर आत्या. नसल्या तर आत्यांचा रुमाल. रुमाल नसता तर केस सापडला असता. असं असेल तर ह्या जगात अशी कुठली गोष्ट घडायला हवी होती, जिच्यामुळे आत्या सुटल्या असत्या?

“रुमाल ठेव तिथेच,” ती म्हणाली. “आणि आपण काहीच करायचं नाही. फडकं नाही, फेऱ्या नाहीत, बाबा नाहीत. नुसतं बसायचं.”

“वेडी आहेस का? उन्हात?”

“बस म्हणते ना.”

कॉलेजात प्रॅक्टिकलला दोन परीक्षानळ्या घ्यायच्या असत. एकीत औषध, दुसरीत नुसतं पाणी, म्हणजे जे घडलं ते औषधानं घडलं की आपोआप, ते कळतं. तीन वर्षं हेच तर शिकली होती ती. आणि आत्यांना जड सावलीची ठरवताना दुसरी नळी घ्यायचं तिला सुचलं नव्हतं.

बॉनेट उघडं टाकून ती कठड्याच्या सावलीत बसली. चिमीनं खडे गोळा केले. अर्धा तास झाला. नवऱ्यानं किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. रुमाल आतच होता.

नवरा स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसून राहिला.

“आत्या आपल्या गाडीत कधी बसतात?” तिनं विचारलं.

“दवाखान्यात जाताना.”

“आणि दवाखाना कुठे आहे?”

त्यानं चढाकडे पाहिलं. बाजार, बालवाडी, ऑफिस सगळं घरापासून हाकेवर होतं. इंजिन तापायच्या आत गाडी दारात परत. हा लांबचा चढ ते फक्त आत्यांसाठी चढायचे. तिची नजर बारीक होती, तिनं टिपलेलं चुकीचं नव्हतं. आत्या बसल्या की गाडी खरंच बंद पडायची. अर्थ तेवढा तिनं आपल्या भीतीला विचारून लावला होता.

दुसऱ्या दिवशी ती गॅरेजात गेली. तिथल्या मेकॅनिकनं आधीही गाडी तपासली होती, कॉम्प्युटर लावला होता आणि “वहिनी, गाडी ठणठणीत आहे,” म्हणून हात झटकले होते.

“गाडी तुमच्याकडे येते तेव्हा गार झालेली असते,” ती म्हणाली. “तापलेली असताना तपासा. माझ्याबरोबर चढावर चला.”

मेकॅनिक कुरकुरला, पण आला. अपेक्षेप्रमाणे गाडी वळणावर बंद पडली. त्यानं बॉनेट उघडून पाहिलं, स्पार्क, म्हणजे पेट्रोल पेटवणारी ठिणगी, येतच नव्हता. मग इंजिनाच्या खालच्या अंगाला बसवलेल्या बोटभर लांबीच्या एका काळ्या सेन्सरवर त्यानं बाटलीतलं पाणी हळूहळू ओतलं. थोड्याच वेळात गाडी सुरू.

“अरे देवा,” तो कपाळावर हात मारून म्हणाला. “इंजिन फिरतंय की नाही हे हा सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. आतली तार कुठेतरी तुटत आलीय. तापली की सांधा सुटतो, गार झाली की जुळतो. निरोप गेला नाही की कॉम्प्युटरला वाटतं इंजिन थांबलंय, मग तो पेट्रोलही बंद करतो आणि स्पार्कही. आणि मी गार गाडीला विचारत बसलो, बाई तुला काय होतंय!”

नवा सेन्सर बसला. जुना तिनं मागून घेतला आणि घरी येऊन आत्यांच्या हातावर ठेवला.

“ह्यानं बंद पडत होती, आत्या. तुमच्यामुळे नाही.”

आत्यांनी तो तुकडा डोळ्यांसमोर धरला. मग चेहऱ्याच्या उजव्या बाजूला नेला, मान वाकडी केली आणि तिरक्या नजरेनं पाहिला. चिमीच्या आईनं त्यांचा हात धरला.

“समोरून दिसत नाही?”

“मधलं पुसल्यासारखं झालंय थोडं. कडेनं दिसतं की.”

दवाखान्यात डॉक्टर चिडले नाहीत, त्यानं आणखीच लाज वाटली. “इंजेक्शन वेळेवर मिळालं असतं तर हे टळलं असतं बहुतेक,” ते म्हणाले. “आता गेलंय ते परत येणार नाही. उरलेलं राखू.”

परतताना आत्या मागेच बसल्या, दाराला टेकून, अंग चोरून. सवय लागली होती.

“आत्या, मला माफ करा. मी बोलायला नको होतं तेव्हा.”

आत्या म्हणाल्या, “घरात, गाडीत माफी मागणं सोपं असतं गं. तू बोललीस ते गर्दीत. त्या लोकांसमोर मी उतरले, पट्टी बांधलेल्या डोळ्यानं. त्यांच्यासमोर बोलशील?”

नवरा म्हणाला, “आत्या, जाऊ दे ना आता...”

“तू गप्प बैस. तू तर तेव्हाही गप्पच होतास.”

पुढच्या इंजेक्शनहून परतताना ते चढाच्या माथ्यावर थांबले. गर्दी होतीच. एक निळी गाडी बॉनेट उघडून उभी, चेला फडकं पिळतोय, बाबा डोळे मिटून. गाडीवाला फेऱ्या घालत होता आणि त्याची नवी नवरी कठड्यापाशी वेगळी काढल्यासारखी उभी होती.

चिमीची आई मधे गेली. तिच्या एका हातात मेकॅनिककडून मागून आणलेला, तार तपासायचा मीटर होता, दुसऱ्यात जुना सेन्सर. चहाच्या टपरीवरून तिनं एका भांड्यात कढत पाणी घेतलं, दुसऱ्यात गार.

“हे बघा. तार जुळलेली असली की मीटर वाजतो.” मीटर वाजला. सेन्सर तिनं कढत पाण्यात धरला. थोड्या वेळानं आवाज बंद. गार पाण्यात धरला. थोडा वेळ शांतता, मग पुन्हा सूर लागला. मागचे लोक पुढे सरकले. “पुन्हा करा,” कुणीतरी म्हणालं. तिनं पुन्हा केलं.

“एवढंच होतं आमच्या गाडीत. बाबांनी गाडी गार केली. अर्धा तास थांबलं की ती आपली आपण गार होते. तुमची बिघडलीय ती कशानं मला माहीत नाही, कदाचित रेडिएटरमधलं पाणी उकळलं असेल. ते मेकॅनिकला विचारा.”

बाबांनी डोळे उघडले. “ताई, पाणीच घातलंत ना? मीही पाणीच घालत होतो! विज्ञान आणि आमचा मार्ग एकच आहे हो!”

दोन-तीन ट्रकवाले फसकन हसले.

“पाणी एकच,” ती म्हणाली. “पण पाणी घालून झाल्यावर तुम्ही विचारता, कोण बसल्यावर बंद पडते. तो प्रश्न पाण्यात नसतो. मला विचारलात तेव्हा मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं.” तिनं गाडीतून उतरून कठड्यापाशी आलेल्या आत्यांकडे हात केला. “ह्या आमच्या आत्या. मी शिकलेली आहे. मी त्यांना इथे उतरू दिलं. त्यांचं इंजेक्शन चुकलं आणि त्यांची नजर गेली. गाडी बंद पडली तर गाडी तपासा हो. आज पडली, काल का नाही पडली, मधे काय बदललं ते बघा. आणि उत्तर म्हणून माणूस सापडला, तर समजा की आपण अजून शोधलंच नाहीय.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकजण “मोठी आली शिकवणारी” असं पुटपुटून निघून गेला. काहींनी तर बाबांनाच नमस्कार केला. निळ्या गाडीवाला मात्र फेरी अर्धवट टाकून थांबला होता. त्याची बायको अजून कठड्यापाशीच, मान खाली घालून.

आत्या कठड्याला धरत धरत तिच्यापर्यंत गेल्या. मान तिरकी करून त्यांनी तिचा चेहरा शोधला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

“चल, आत बस. ऊन लागतंय. तुझा ह्याच्याशी काही संबंध नाही.”

मुलीनं वर पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

चिमीची आई मीटर धरून तिथेच उभी राहिली. किती साधं वाक्य होतं. बोलायला ना पदवी लागत होती, ना सेन्सर, ना कढत पाणी. ह्याच जागी, त्याच दिवशी, ते तिनं आत्यांना म्हणायला हवं होतं.