नुसतं बघितलं

शाळेच्या ऑफिसातल्या क्लार्कबाईंना सगळे वार्ताहर म्हणत, आणि त्यांना त्याचा रागही येत नसे. कोणाच्या घरी काय चाललंय हे कळल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. त्यात सरकारने देशातल्या प्रत्येक मुलाला एक लांबलचक नंबर दिला, त्या नंबरामागे फोटो, मार्क, उंची, वजन, गैरहजेरी असं सगळं ठेवलं, आणि या शाळेतला पासवर्ड दिला तो नेमका वार्ताहरबाईंना. आता बोला.

बाई मनाच्या वाईट नव्हत्या बरं का. जाऊबाई पोराचे मार्क फुगवून सांगतात, तर खरे किती ते बघावं, इतकंच. सगळ्याच शाळांतले क्लार्क हे करत. एखाद्याचा दाखला मागवला तर जुन्या शाळेला खबर जाते, ते झालं कागदोपत्री काम. आणि नुसतं बघणं म्हणजे काहीच नाही, असा त्यांचा साधा हिशेब होता.

मग पाचवीत एक मुलगी आली, नंबराशिवाय. मुख्याध्यापिकेला शाळेत सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी वार्ताहरबाईंना आत बोलावून दार लावून घेतलं.

"हिचा नंबर शोधायचा नाही. आई हिला घेऊन नवऱ्याच्या घरातून पळून आलीये. पत्ता लागला तर तो माणूस दोघींना जिवंत सोडायचा नाही. वरच्या ऑफिसकडे मी नवा नंबर मागितलाय, तोवर मुलगी वर्गात बसेल. आणि हे पोटात ठेवा, एवढी मेहेरबानी करा."

"माझ्या तोंडून कधी काही बाहेर गेलंय का?" वार्ताहरबाई म्हणाल्या. मोठ्या बाईंनी हात जोडले.

पण खरंच, बाईंनी चकार शब्द काढला नाही. त्यांनाच नवल वाटलं. मुलगी भिंतीला पाठ लावून बसायची, मधल्या सुट्टीत फाटकाकडे बघत डबा खायची. एकदा खडू न्यायला ऑफिसात आली आणि कॉम्प्युटरसमोर थबकली.

"हे सगळ्या मुलांना ओळखतं?"

"सगळ्यांना."

"मला पण?"

"तुझा नंबर कुठे घातलाय आम्ही."

"मग बरंय," मुलगी म्हणाली आणि खडू घेऊन गेली.

तिथून बाईंच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. कोण असेल ही? आधी कुठे होती? असं काय घडलं असेल? जेवताना तेच, भांडी घासताना तेच. शेवटी एका दुपारी ऑफिसात कोणी नाही बघून त्यांनी नाव घातलं, जन्मतारीख घातली. बघायचं आणि बंद करायचं, कोणाचं काय जातंय?

मुलगी समोर आली. फोटोत दोन वेण्या होत्या, पुढचा दात पडलेला, आणि तरी पोर तोंडभर हसत होती. आता तिचे केस कानाच्या वर कापलेले होते आणि हसताना तिला कोणी पाहिलं नव्हतं. गणितात वर्गात पहिली. खाली गैरहजेरीची कारणं होती. पडली. ताप. पडली. जिन्यावरून पडली. पडली. बाईंनी झटकन सगळं बंद केलं आणि उगाचच टेबल पुसलं.

सकाळी फोन वाजला. पलीकडे एक पुरुष होता, आवाज अगदी मधाळ.

"ताई, काल तुमच्या शाळेतून माझ्या लेकीची माहिती बघितली गेली. आता नवी सोय आलीये ना, आपल्या मुलाची माहिती कोणी उघडली की पालकांना लगेच कळतं. मुलांच्या सुरक्षिततेसाठी. छान सोय आहे. आहे ना ती तिथे?"

"चुकून उघडलं हो," बाई कशाबशा म्हणाल्या. "दुसरीच मुलगी शोधत होते."

"असेल, असेल. तरी दुपारपर्यंत येतोच मी. शाळा तरी बघून होईल."

वार्ताहरबाई उठल्या आणि थेट मोठ्या बाईंसमोर जाऊन सगळं सांगून मोकळ्या झाल्या. मुलीची आई लॉन्ड्रीत कामाला लागली होती, तिला तिथून बोलावलं. ती ओल्या हातांनीच आली. तिलाही बाईंनी स्वतः सांगितलं, मोठ्या बाईंना सांगू दिलं नाही. आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"काय बघायचं होतं तुम्हाला?" तिने विचारलं.

"ती कोण आहे ते."

"मग मला विचारायचं होतंत."

मुलगी दप्तर घेऊन आली. आईचा चेहरा बघून ती लगेच निघाली, आणि जाताना तिने कॉम्प्युटरकडे वळून बघितलं. "ओळखलं का त्याने?" ती म्हणाली. बाईंनी मान खाली घातली. दोघी मागच्या दाराने गेल्या.

तो माणूस दुपारी आला. इस्त्रीचा शर्ट, हातात बाहुलीचं खोकं. मोठ्या बाई पोलिसांशी फोनवर बोलत होत्या, तेवढ्यात तो ऑफिसच्या खिडकीशी येऊन उभा राहिला. शिपाई बिचारा, त्याला काय ठाऊक. "या बाईंना विचारा," शिपाई त्याला कौतुकाने म्हणाला, "यांना माहीत नाही असं काही नसतं."

"कुठे गेल्या त्या?" माणसाने हसून विचारलं.

"मला माहीत नाही," वार्ताहरबाई म्हणाल्या, आणि त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बघत राहिल्या.

खोटं बोलायची वेळच आली नव्हती. मागच्या दारापर्यंत बाई दोघींना सोडायला गेल्या तेव्हा ‘कुठे जाणार?’ हा प्रश्न अगदी ओठावर आला होता, आणि त्यांनी तो विचारला नव्हता.