अडुसष्ट नंबरचा पुकारा

माझा नवरा ग्रेडी म्हणजे पगारी भिंत. अकरा वर्षं अमेरिकन फुटबॉलच्या पुढच्या फळीत उभा राहून तो आमच्या क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या गड्यावर, धावून येणाऱ्यांना अंगावर घेतोय. पास झेलायची त्याला मुभा नाही, त्यामुळे त्याचं नाव कोणी घेत नाही. मात्र समोरच्याला हातांनी धरून ठेवलं, की पंच भर मैदानात माइकवरून सांगतो, "फाउल, अडुसष्ट नंबर."

माझ्या सासूबाई, डोरीन, हा पुकारा झाला की लोकरीची टोपी हनुवटीपर्यंत ओढून घेतात. जणू अख्ख्या विस्कॉन्सिनमध्ये घराण्याची अब्रू गेली.

त्याच्या शेवटच्या सामन्याच्या सकाळी ग्रेडीने मला बाजूला घेतलं. "आज मी पंचाला आधी सांगून पास झेलणार आहे. तसं चालतं. पण तो नंबर पुकारेल. तेवढी आईची टोपी सांभाळ. तिने बघायला हवं."

"मग आईंनाच सांग की."

"तिला सांगितलं तर चर्चभर होईल."

सामना रंगात आला. आई सॉसेजवर मोहरी ओतत होत्या, आणि पुकारा झाला, "अडुसष्ट नंबर." त्यांचे हात टोपीकडे गेले. मी दोन्ही मनगटं पकडली.

"सोड गं. काय केलं मेल्याने आता?"

"अजून काही केलं नाही. करायचंय. तिकडे बघा."

"अशी धरून ठेवतेस? याच्याचसाठी त्याला शिक्षा होते."

आमची चांगलीच जुंपली. माझ्या कोटाला मोहरी फासली गेली. मग अचानक आईंचे हात सैल पडले. नजर वर गेली, वरच राहिली, हळूहळू खाली आली. स्टेडियम दणाणलं आणि आईंनी पुढच्या अनोळखी माणसाच्या टकलाचा मुका घेतला.

मी वळले तेव्हा टचडाउनच्या, म्हणजे गुण मिळवायच्या, रेषेपलीकडे खेळाडूंचा ढीग दिसला आणि त्याखालून आलेले ग्रेडीचे बूट.

सामना संपल्यावर तो चेंडू काखेत मारून कठड्याशी आला. "आईने पाहिलं?"

"पाहिलं."

"आणि तू?"

मला रडूच फुटलं.

"ती कसली बघतेय," आई म्हणाल्या. "माझ्याशी कुस्ती खेळत होती."

ग्रेडी इतका हसला की त्याला कठडा धरावा लागला. "आता कळली तुला माझी नोकरी," तो म्हणाला. "अकरा वर्षांत मी आपला एकही टचडाउन धड पाहिला नाही. कोणाला तरी अडवत असतो. लोक ओरडले, की समजायचं, झालं आपलं काम."