कोसा पांढरा करायचं पाणी

फोटो पाहून तृप्ती स्वतःच दचकली. लाखनीच्या स्टुडिओवाल्यानं तिला इतकं गोरं केलं होतं, की नाक कुठं संपतं अन् गाल कुठून सुरू होतो, कळायची सोय नव्हती. भुवया शिल्लक होत्या, म्हणून माणूस असावं असा अंदाज यायचा. तेवढ्या अंदाजावर सानगडीच्या पाहुण्यांचा निरोप आला: मुलगी पसंत, उद्या पाहायला येतो!

आरशातली मुलगी सावळी, फोटोतली पिठाची. उद्या कोणती दाखवायची? बाप बाबूलाल आंधळगावात कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणायचा. तो म्हणाला, "पावडर जरा जास्त लाव. पाहुणे का तोंड धुवून पाहणार हायेत?"

पावडर पुरेना. मग तिची नजर मागाजवळच्या कॅनवर गेली. त्या ब्लीचच्या पाण्यात तांबूस कोसा बुडवला की पांढरा निघायचा, हे ती लहानपणापासून पाहत होती. कोसा होते, त गाल काहून नाही? तिनं बोळा भिजवला, देवाचं नाव घेतलं अन् चेहऱ्यावर फिरवला.

आधी चुरचुर. मग आग! एक थेंब डोळ्यात गेला अन् समोरचं सगळं धुरकट झालं.

"गिरजाकाकू! मले दिसत नाही वं!"

शेजारची गिरजाबाई धावली. जन्मभर कोसा कातलेली बाई. उघडा कॅन पाहूनच समजली. मान धरून तिनं पोरीला नळाखाली वाकवलं.

"डोळा उघडा ठेव! कायले लावलं?"

"गोरी व्हाले."

"कोसा मेला असते वं, तू जिती हायस! अन् जास्त ब्लीच झाला त कोसाबी तटातट तुटते!"

"काकू, डोळा गेला त?"

काकूनं तिचा डोळा आणखी वेळ पाण्याखाली धरला. मग बाबूलालला हाक मारून तिला तसंच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरनं तपासलं. डोळा वाचला होता. गालावर मात्र लाल चट्टे. बरे व्हायला महिना. दवाखान्याच्या दारातच बाबूलाल कुजबुजला, "पाहुण्यायले कांजण्या झाल्या म्हणून सांगू?"

"अन् पुढच्या महिन्यात? आणखी एक कॅन?" गिरजाबाई कडाडली. "भाऊ, ब्लीच न केलेला कोसा गिऱ्हाइकाले दाखवता तवा 'असली रंग' म्हणून छाती फुगवता. मंग पोरीच्याच असली रंगाची लाज कायची?"

बाबूलालची मान खाली गेली. तृप्तीनं त्याच्या हातातला फोन घेतला. सानगडीला लावला.

"मी तृप्ती. फोटोतली मी नाही. मी सावळी हाव. उद्या येऊ नका, चेहरा भाजला हाय. बरी झाल्यावर यायचं असन, त सावळी पोरगी पाहाले या."

पलीकडून फोन कट!

बाबूलाल पांढराफटक पडला. त्या दिवशी त्या घरात गोरं झालेलं माणूस तेवढंच! तृप्तीला हसू फुटलं. चट्टे झोंबले, तरी ती हसली. बाप तिच्या लाल डोळ्याकडं पाहत राहिला.

"दिसते न बरोबर?"

"दिसते, बाबा."

"मंग गेले त जाऊ दे!" त्यानं तिच्या हातातला फोन घेऊन खिशात टाकला. "तुया डोळ्यापरीस कोणताच पाहुणा मोठा नाही!"

मंडळी, कॅन तृप्तीनं उचलला, पण तिच्या हातात तो आपण दिला. 'पोरगी चांगली आहे, फक्त रंगानं जरा...' असं म्हटलं तेव्हा तेव्हा दिला. ते 'फक्त' आजपासून गिळून टाकू या! लेकीच्या रंगात खोट नसते; खोट असते ती आपल्या नजरेत.