साबणाच्या डबीतली हाक

पूर्वी आई मला 'सोऽऽनुल्या' अशी हाक मारायची. 'सो' लांबलचक, बाकीचं झटक्यात. गिऱ्हाइकांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. घशाच्या ऑपरेशननंतर तिचा आवाजच गेला. मी पत्र्याचे डबे बनवणारा, दुकान घराच्या मागच्या अंगाला, दिवसभर ठणठण. परवा आई पलंगावरून घसरली, जमिनीवर ताटली आपटत राहिली, आणि माझ्या कानांवर काही आलंच नाही.

मग माझ्या मुलीने मनावर घेतलं.

"आजीच्या उशाशी बटण, तुमच्यासमोर दिवा. बटण दाबून धरलं की दिवा लागेल, सोडलं की विझेल. मध्ये वायर नाही बाबा, आपलं घरातलं वायफाय."

तिने टेबलावर वायफायवरून निरोप धाडणारे तीन इलेक्ट्रॉनिक बोर्ड मांडले. एक जुना, स्वस्तातला, बिस्किटाएवढा. दुसऱ्याला दोन्ही बाजूंनी कंगव्यासारखे दात. तिसरा अंगठ्याच्या नखाएवढा, त्याला अँटेनाची बारीक शेपटी.

"हे चिमुरडं आजीचा निरोप आणणार?" मी हसलो.

तिघांनीही खोलीच्या दुसऱ्या टोकाचा दिवा लावून दाखवला, आणि माझं हसू पळालं. मधे नुसती हवा! मी मधून हात फिरवून पाहिला. पोरीला पुन्हा पुन्हा बटण दाबायला लावलं.

इतक्या नाजूक जिवांना उघडं कसं ठेवायचं? मी हौसेने तिघांना पत्र्याच्या झकास डब्या केल्या. बटणाच्या वायरीपुरतं भोक, बाकी मुंगी शिरणार नाही असे सांधे. उशाशी एकेक लावून पाहिला. पहिला ढिम्म. दुसरा ढिम्म. चिमुरडंही ढिम्म.

माझं डोकं फिरलं. "फेकून दे सगळे! असल्या खेळण्यांच्या भरवशावर मी आईला सोडणार नाही."

मुलगी डबीकडे बघत राहिली आणि एकदम खो खो हसत सुटली. "अहो बाबा, बोर्ड चांगले आहेत. तुमचा पत्रा वायफायच्या लहरींना बाहेर सोडत नाहीये. कोंडून घातलंत तुम्ही त्यांना!"

जन्मभर पत्रा ठोकला, पण त्याचा हा गुण मला ठाऊक नव्हता. डब्या काढल्यावर बिस्किटाएवढा स्वयंपाकघराच्या भिंतीशीच अडखळला. दातवाला मधूनच गप्प व्हायचा. चिमुरड्याने मात्र दोन भिंती ओलांडल्या आणि दुकानातला दिवा लख्ख लावला. मी निमूटपणे त्याच्यासाठी न्हाणीघरातली साबणाची प्लॅस्टिकची डबी धुऊन आणली.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक असताना दिवा लागला. बराच वेळ लागून राहिला, विझला, मग दोनदा झटकन लुकलुकला.

"बिघडला वाटतं," गिऱ्हाईक म्हणालं.

मलाही तसंच वाटलं. चिमुरड्याला शिवी द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात पुन्हा तेच. एक लांब, दोन तुटक. सोऽऽ-नु-ल्या!

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी हातोडा खाली ठेवला.

"बिघडला नाही," मी म्हणालो. "आई हाक मारतेय."

आणि गिऱ्हाइकासमोरच घसा ताणून ओरडलो, "आलो गं आई!"